जुनी पोस्टकार्डं कशी लावायची? मामाची, गिरगावच्या अल्बममधली आणि आत्ता येणारी, सगळी एकत्र झालीयेत

कागदवेडी:
नमस्कार मंडळी. चित्रांची पोस्टकार्डं शाळेपासून जमवतेय आणि आता पहिल्यांदाच सगळी नीट लावायला घेतलीयेत, तर जाणकारांनी जरा मदत करा. माझ्याकडे तीन वेगवेगळे ढीग आहेत. पहिला मामाचा. मामा मर्चंट नेव्हीत होता, बोट जिथे लागेल तिथून एक कार्ड टाकायचाच, एडन, पोर्ट सैद, हॅम्बुर्ग, योकोहामा, मजकूर चार ओळींचा, मी खुशाल आहे, इथे थंडी फार, आक्काला म्हणावं पैसे पाठवलेत. दुसरा ढीग सासरचा, गिरगावातली चाळ पाडायला निघाली तेव्हा माळ्यावरून एक काळ्या पानांचा अल्बम खाली आला, त्यात बोरीबंदर, अपोलो बंदर, राजाबाई टॉवर, शिवाय चित्रकार धुरंधरांनी काढलेली मुंबईच्या माणसांची रंगीत कार्डं आणि आजेसासऱ्यांचे कोणी स्नेही लंडनला बॅरिस्टरी करत होते त्यांनी पाठवलेली. तिसरा माझा स्वतःचा, म्युझियमच्या दुकानातून घेतलेली, पुण्याच्या जुन्या बाजारात मिळालेली आणि आता जगभरच्या लोकांशी अदलाबदल करते त्यातून येणारी.

तर हे गावाप्रमाणे लावू, सालाप्रमाणे लावू की छापणाऱ्याप्रमाणे? नवी कार्डं जुन्यांच्या शेजारी ठेवलेली चालतात का? एक विक्रेते घरी येऊन बघून गेले, त्यांना फक्त तिकिटं लागलेली कार्डं हवीत, आणि घरातलेच एक जण म्हणतायत की तिकिटं पाण्यात सोडवून घे, कार्डं नंतर बघू. मला ते पटत नाही पण का पटत नाही ते धड सांगता येत नाही. आणि बऱ्याच कार्डांवर साल नाहीये, ते कसं ओळखायचं?

चाळकरी:
ताई, आधी तो पाण्याचा टोप गॅसवरून उतरवा आणि मग पुढचं वाचा :)

तिकीट सोडवायचं नाही. कार्डावरचं तिकीट, त्यावरचा शिक्का, पत्ता, मजकूर आणि पुढचं चित्र हा एकच पुरावा आहे, त्यातला एक तुकडा काढला की बाकीचे मुके होतात. एडवर्ड राजाचं सुटं पाव आण्याचं तिकीट कुठेही पडलेलं मिळेल, पण तेच तिकीट गिरगावच्या पत्त्यावर, शिक्क्यासकट, बोरीबंदरच्या चित्राच्या पाठीवर, हे परत मिळणार नाही. शिवाय जुन्या कार्डाला पाणी लागलं की वरचा थर फुगतो, शाई पसरते, ते वेगळंच.

आता सालाचं. लोक एकच साल शोधतात आणि तिथेच अडकतात. प्रत्येक कार्डाला तीन तारखा असतात, फोटो कधी काढला, कार्ड कधी छापलं आणि पोस्टात कधी पडलं, आणि या तिन्हींत दहा-पंधरा वर्षांचं अंतर सहज असू शकतं कारण प्रकाशक चाललेला फोटो वर्षानुवर्षं परत परत छापायचे. पोस्टाचा शिक्का सगळ्यात सोपा, तो त्याच दिवसाचा. छपाई पाठीवरून कळते. सुरुवातीच्या कार्डांना मागे फक्त पत्ता लिहायची परवानगी होती, म्हणून तुमच्या अल्बममध्ये काही ठिकाणी चित्रावरच, आभाळाच्या मोकळ्या जागेत वगैरे मजकूर लिहिलेला दिसेल, लोकांना वाटतं कोणी चित्र खराब केलंय, तसं नाहीये, दुसरी जागाच नव्हती. मधे उभी रेघ मारून डावीकडे मजकूर उजवीकडे पत्ता ही सोय ब्रिटनने १९०२ ला दिली, फ्रान्सने १९०४, जर्मनीने १९०५, अमेरिकेने १९०७. म्हणजे रेघ नसलेलं कार्ड बहुधा त्या आसपासचं किंवा आधीचं. आणि मुंबईची बरीच कार्डं तेव्हा छापून यायची जर्मनीहून, पाठीवर बारीक अक्षरात तसं छापलेलं असतं, १९१४ ला युद्ध लागलं आणि ते बंद पडलं, त्यामुळे जर्मनीत छापलेलं असं लिहिलेलं दिसलं की ते शक्यतो युद्धाआधीचं धरा.

उरला फोटो. इथे मुंबई माहीत असलेल्या माणसाची खरी मजा आहे. रस्त्यावर ट्राम दिसतेय का बघा आणि ती घोडा ओढतोय का ते बघा. घोड्यांच्या ट्राम १८७४ ला सुरू झाल्या त्या १९०५ पर्यंत, विजेची ट्राम १९०७ ला आली, डबल डेकर ट्राम १९२० ला. अपोलो बंदरावर ताज दिसतंय पण गेटवे नाही, मग फोटो १९०३ नंतरचा, कारण ताज १९०३ च्या डिसेंबरात उघडलं, आणि गेटवे उभं राहायच्या आधीचा, त्याचं उद्घाटन डिसेंबर १९२४ चं. काळा घोडा जागेवर असेल तर १९६५ च्या आधीचा, नंतर तो पुतळा राणीच्या बागेत गेला. जीपीओची घुमटवाली इमारत दिसली तर १९१३ च्या सुमाराचा किंवा नंतरचा. असं एकेक कार्ड घेऊन भिंगाखाली बसा, रविवार कसा गेला कळणार नाही.

भिंगावरून आठवलं, छापील आहे की खरा फोटो तेही त्यातच कळतं. ठिपक्यांची सरळ जाळी दिसली तर हाफटोन, म्हणजे छापील. जाळी नाही पण बारीक रवाळ, सुरकुतल्यासारखं दिसतंय तर कोलोटाइप, तीही छपाईच, मुंबईची फार सुंदर कार्डं या पद्धतीची आहेत. काहीच दिसत नाही, छटा सलग आहेत, तर तो फोटोच्या कागदावर काढलेला खरा फोटो, आणि जुना असेल तर कार्ड तिरकं धरल्यावर काळ्या भागावर चंदेरी झाक येते. असे खरे फोटो कमी प्रती काढलेले असतात, ते वेगळे काढून ठेवा.

निशिगंध_७:
मला चाळकरी काकांचं सगळं पटलं पण ताईंचा पहिला प्रश्न राहिलाच की. लावायचं कसं.

माझं स्पष्ट मत, मामाची कार्डं फोडू नका. म्हणजे एडनचं एडनमध्ये, हॅम्बुर्गचं जर्मनीत असं अजिबात करू नका. ती एका माणसाने एका घराला लिहिलेली आहेत, तारखेने लावलीत तर त्याच्या बोटीचा रस्ता दिसेल, कुठे किती दिवस थांबला, कधी कार्ड आलंच नाही, घरात काय चाललं होतं, सगळं. पोर्ट सैदची कार्डं बाजारात पोत्याने आहेत, सुएझमधून जाणारा जो तो तिथे कार्ड घ्यायचा, चित्र म्हणून त्यांना काही किंमत नाही, पण तुमच्या आक्काला लिहिलेलं एकच. गिरगावच्या अल्बमचंही तसंच, तो ज्या क्रमाने लावलाय तो क्रमही कोणीतरी विचार करून लावलेला आहे, काढायच्या आधी प्रत्येक पानाचा फोटो घ्या.

तुमचा स्वतःचा ढीग आहे तो हवा तसा लावा, तिथे गाव, विषय, प्रकाशक, जे आवडेल ते.

चाळकरी:
निशिगंध, सहमत. मी प्रकाशकाप्रमाणे लावतो कारण माझा अभ्यास तोच आहे, क्लिफ्टन, फोटोटाइप कंपनी, रविवर्मा प्रेस, लंडनचे टक, असे माझे खोके आहेत. पण ती विकत घेतलेली सुटी कार्डं आहेत. घरातून आलेल्याला हात लावू नये हे बरोबर.

पाणथळ:
रत्नागिरीहून लिहितोय त्यामुळे माझा सगळा जीव दमट हवेत अडकलेला असतो, तेवढंच सांगतो.

गिरगावचा अल्बम काळ्या कागदाचा म्हणताय, तो कागद बहुतेक आम्लधर्मी असतो आणि कार्डाची पाठ पिवळी-तपकिरी करतो. कार्डं खाचेत अडकवलेली असतील तर सुटतात, एक हात खाली धरून हळू सरकवा, कोपऱ्याला धरून ओढू नका. चिकटवलेली असतील तर ओढू नका आणि वाफही देऊ नका, तशीच राहू देत पानासकट. त्यानंतर प्रत्येक कार्ड स्वतंत्र पारदर्शक पाकिटात. पाकीट पॉलिप्रॉपिलीनचं किंवा पॉलिएस्टरचं घ्या, पीव्हीसीचं नको, ओळखायची खूण म्हणजे पीव्हीसीला नव्या रेनकोटसारखा वास येतो, त्यातून जे सुटतं ते काही वर्षांत कार्डाला चिकट करतं, शाई उचलली जाते. फोटोचे ते चिकट पानांचे आणि वर प्लॅस्टिक ओढायचे अल्बम मिळायचे ना, ऐंशी-नव्वदच्या दशकात सगळ्यांच्या घरी होते, त्यात एकही कार्ड ठेवू नका, असलं तर आजच बाहेर काढा. लॅमिनेशन तर कधीच नाही. सेलोटेप नाही, रबरबँड नाही, फेव्हिकॉल नाही.

मोजमाप सांगतो कारण पाकिटं मागवताना गोंधळ होतो. जुनी कार्डं साधारण ९ बाय १४ सेंटिमीटर, आत्ताची १० बाय १५ च्या आसपास, म्हणून नवी-जुनी शेजारी ठेवायला हरकत काही नाही, पण जुनं कार्ड मोठ्या पाकिटात आत हलत राहतं आणि कोपरे मार खातात.

पावसाळ्यात कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं नको. लोखंडी कपाट असेल तर आतल्या बाजूला घाम धरतो का बघा. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, रंग बदलला की गरम करून परत वापरता येतात. डांबरगोळ्या कार्डांच्या डब्यात टाकू नका. कसर लागलीय का ते दसऱ्याला एकदा आणि पावसाच्या आधी एकदा सगळं उघडून बघायचं, कसर कागदाचा वरचा गुळगुळीत थर खरवडून खाते, आणि पोस्टकार्डावर नेमकं चित्र त्याच थरावर असतं. तपकिरी ठिपके पडले असतील तर ते घासायला जाऊ नका, जातच नाहीत, फक्त हवा कोरडी ठेवा म्हणजे वाढत नाहीत.

आणि नंबर घालायचा तर मऊ पेन्सिलीने, पाठीवर, कोपऱ्यात. बॉलपेन नाही. दोन्ही बाजू स्कॅन करा, ६०० डीपीआयला, पुढची एकटी नाही.

कागदवेडी:
केवढं लिहिलंत सगळ्यांनी, धन्यवाद. टोप कपाटात गेला :) अल्बमच्या पानांचे फोटो काढायला घेतलेत.

एक अजून विचारते. अल्बमच्या मागच्या खिशात चित्र नसलेली सरकारी साधी कार्डं निघाली, मराठीत आणि काही मोडीत लिहिलेली. त्यातल्या बऱ्याच कार्डांचा एक कोपरा फाटलाय, ती टाकून द्यावीत का? ते विक्रेते म्हणत होते की खराब माल आहे.

वाळकेश्वरी:
अहो नका टाकू!! तो कोपरा कोणीतरी मुद्दाम फाडलेला असणार, आपल्याकडे कोणी गेल्याचं कळवणारं पत्र असेल तर कोपरा फाडायची रीत होती, पाठवणारा तरी फाडायचा किंवा वाचून झाल्यावर घरातलं कोणी. वर "श्री" आहे का बघा, अशुभ वार्तेच्या पत्राला श्री घालत नसत. बाकीच्या पत्रांची सुरुवात श्री, मग शि. सा. न. वि. वि. अशी ठरलेली असते, इथे ते नसेल. आणि उलट लग्नमुंजीच्या पत्रांना कोपऱ्यांवर हळदकुंकवाची बोटं असतात, ती डाग म्हणून पुसायला जाऊ नका. फाटक्या कोपऱ्यांची कार्डं तारखेने लावलीत तर तुमच्या सासरच्या घराण्याची मृत्यूची नोंदच हातात येईल, मुंबईत १८९६ पासून प्लेगची वर्षं होती ती बघा त्यात काही सापडतंय का. मोडीतली असतील तर वाचून घ्या, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी वाचणारी माणसं भेटतात, शिवाय आता शिकलेली तरुण मुलंही बरीच आहेत.

साधी कार्डं लोक मोजतच नाहीत संग्रहात याचं मला फार वाईट वाटतं. आपल्याकडे १ जुलै १८७९ ला पोस्टकार्ड आलं ते पाव आण्याचं, आणि सामान्य माणसाने लिहायला लागणं हे त्या पाव आण्यामुळे झालं. चित्राचं कार्ड साहेबाने आणि शिकल्यासवरल्याने पाठवलं, साधं कार्ड कोकणातल्या बाईने गिरणीत कामाला असलेल्या नवऱ्याला पाठवलं, तेही दुसऱ्याकडून लिहून घेऊन. आमच्या लहानपणचं पंधरा पैशांचं कार्डही आता जपायला हवं. पिनकोडचे सहा चौकोन असले तर १९७२ नंतरचं, कारण पिनकोड त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला सुरू झाला, आणि तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपलेच, पोस्टखात्यात मोठे अधिकारी आणि संस्कृतचे पंडित.

मांडवीकाठ:
गोव्याची कार्डं आहेत का कोणाकडे? मी फक्त गोवा जमवतो. सोझा अँड पॉल यांची पणजीची, जुन्या गोव्याच्या चर्चची कार्डं फार देखणी आहेत. तिथलं साल ओळखायला वेगळं शास्त्र लागतं. तिकिटावर राजाचं चित्र आणि त्यावर आडवं 'रिपब्लिका' छापलेलं असेल तर १९१० च्या ऑक्टोबरनंतरचं, राजेशाही गेली आणि शिल्लक तिकिटांवर तसं छापून वापरली. पणजीच्या जागी नोव्हा गोवा असंच छापलेलं सापडेल. आणि १९११ ला पोर्तुगीज भाषेचं शुद्धलेखन बदललं, पोर्तुगेझा हा शब्द आधी झेड घालून लिहायचे ते एस घालून लिहायला लागले, त्यामुळे कार्डावरच्या मथळ्यात झेड दिसला तर मी ते आधीच्या गठ्ठ्यात टाकतो. ताई, मामा मार्मागोव्याला उतरला असेल तर तेवढं कळवा.

टपालवारी:
मी इथे वयाने सगळ्यात लहान असेन, माझ्याकडे जुनं काहीच नाही, सगळी नवी कार्डं, पोस्टक्रॉसिंगवरची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पाउलो मागल्याइश नावाच्या पोर्तुगीज मुलाने जुलै २००५ ला सुरू केलेलं हे, तुम्हाला एक अनोळखी पत्ता मिळतो, तुम्ही कार्ड टाकता, ते पोचलं की तिसऱ्याच कोणाला तुमचा पत्ता जातो. मला फिनलंडच्या आजींनी त्यांच्या गावाच्या बर्फातल्या पोस्टपेटीचं कार्ड पाठवलंय आणि तैवानच्या एका शिक्षकाने त्याच्या शाळेसमोरच्या झाडाचं.

मुद्दा एवढाच की नवी कार्डं कमी प्रतीची समजू नका. धुरंधरांचं कार्डही एकेकाळी दुकानातलं नवंच कार्ड होतं. फक्त आपण नीट पाठवलं पाहिजे. मी तारीख आणि गाव स्वतःच्या अक्षरात लिहिते कारण पुष्कळ वेळा मशीनचा शिक्का वाचताच येत नाही, पेटीत टाकायच्या ऐवजी खिडकीवर जाऊन हाताने शिक्का मारून मागते, छापील स्टिकरच्या ऐवजी खरी तिकिटं लावते. काही पोस्टात त्या गावाचं चित्र असलेला कायमचा शिक्का असतो तो मुद्दाम मागून घ्या, मागितल्याशिवाय मिळत नाही. आणि चित्र, तिकीट, शिक्का तिन्ही एकाच विषयाचं जुळवलं की त्याला मॅक्सिमम कार्ड म्हणतात, त्यात तिकीट चित्राच्याच बाजूला लावायचं असतं. १९४९ च्या पुरातत्त्व मालिकेत घारापुरीच्या त्रिमूर्तीचं तिकीट आहे, ते त्रिमूर्तीच्या जुन्या कार्डावर, जुळत्या शिक्क्यानिशी मिळालं तर कोणीतरी मला सांगा प्लीज, मी कधीची शोधतेय.

१ ऑक्टोबरला पोस्टकार्ड दिवस असतो, १८६९ ला त्या दिवशी ऑस्ट्रिया-हंगेरीत पहिलं कार्ड विकलं गेलं म्हणून. ताई, पत्ता खासगी निरोपात द्या, एक कार्ड माझ्याकडून.

जुनेपाने:
किमतीबद्दल दोन शब्द, विक्रेते येऊन गेले म्हणताय म्हणून. मी स्वतः थोडीफार खरेदी-विक्री करतो. एकेक निवडून द्यायचं नाही. निवडून घेणारा चांगली पन्नास नेतो आणि तुमच्याकडे अर्धा अल्बम उरतो, ज्याला नंतर ना अल्बम म्हणता येत ना संग्रह. विकायचंच असलं तर आधी स्कॅन, यादी, मग दोन-तीन जणांना दाखवा, ऑनलाइन तसलीच कार्डं कितीला गेली ते बघा, मागितलेली किंमत नाही, गेलेली किंमत. धुरंधरांची सही असलेली कार्डं आणि लंडनहून आलेली घाईने देऊ नका. आणि मामा हयात असतील तर त्यांच्याजवळ बसून कार्डामागून कार्ड विचारून घ्या, बोटीचं नाव, कोण बरोबर होतं, रेकॉर्डिंग करा, दर कार्डाची अशी वेगळी नोंद लिहिलेली असली की पुढे ज्याच्या हातात जाईल तो टाकणार नाही. पुण्याचं केळकर संग्रहालय बघा ना, काकासाहेब केळकरांनी एकट्याने जन्मभर अडकित्ते, दिवे, दौती जमवल्या आणि शेवटी सगळं सरकारला दिलं, नोंदी आणि मांडणी होती म्हणून ते टिकलं.

कागदवेडी:
मामा आहे, पंच्याऐंशीच्या घरात, स्मरण टकाटक. पुढच्या आठवड्यात जातेय मिरजेला. आणि नाही विकत, ठरलं. मांडवीकाठ, मार्मागोव्याचं विचारते त्याला.

आत्ता लंडनची कार्डं बघत होते. टॉवर ब्रिजचं चित्र आहे, लाल रंगाचं एक पेनीचं एडवर्ड राजाचं तिकीट, लंडनचा शिक्का आहे, साल पुसट, शेवटचा आकडा ६ किंवा ८. पण त्यावर तिसराच एक गोल शिक्का आहे, गावाचं नावच नाही, इंग्रजीत सी पोस्ट ऑफिस एवढंच दिसतंय आणि एक तारीख. हे काय असतं?

चाळकरी:
वा वा वा. ताई, हा शिक्का समुद्रावर मारलेला आहे. तेव्हा विलायतेची डाक आठवड्याला एकदा पी अँड ओ कंपनीच्या बोटीने यायची आणि एडन ते मुंबई या प्रवासात बोटीवरच पोस्टाचे कारकून टपाल वेगळं करत बसायचे, म्हणजे बोट धक्क्याला लागायच्या आत थैल्या तयार. ही व्यवस्था १८६८ ला सुरू झाली, आधी सुएझपर्यंत होती मग एडनपर्यंत आणली, आणि १९१४ ला युद्ध सुरू झालं तेव्हा बंद झाली ती झालीच. लंडनचा शिक्का, बोटीवरचा शिक्का आणि कुठेतरी मुंबईत पोचल्याचा शिक्का असेल, तिन्ही तारखा मांडा, पत्र किती दिवसांत आलं ते दिसेल, आणि पुसट आकडा ६ की ८ ते बोटीवरच्या शिक्क्याच्या सालावरून लगेच सुटेल. एडवर्डचं तिकीट आहे म्हणजे १९०२ ते साधारण १९११ या दरम्यानचं, त्यामुळे १९०६ किंवा १९०८ दोन्ही बसतात. शिक्क्यात एखादं सुटं अक्षर आहे का बघा, ए, बी, सी असं, ते बोटीवरच्या कारकुनांच्या तुकडीचं असतं. कार्ड खिडकीपाशी तिरकं धरून मोबाईलने फोटो काढा, फ्लॅश बंद, पुसट शिक्के तसे जास्त चांगले वाचता येतात, आणि दोन्ही बाजू इथे टाका, मी आज रात्री जागाच आहे.